नकाशात आपली वस्ती कुठे आहे?

(पहिल्या पिढीतल्या पदवीधर विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला 'शहर नियोजन आणि लोकसहभाग' असा विषय दिला आहे. आधीच सांगते, मी नगररचना शिकलेली नाही. मी बी.ए. आहे, तेही मराठी घेऊन. घरातली पहिली पदवीधर. आई चार घरची धुणीभांडी करायची, वडील महापालिकेत कंत्राटावर झाडूकाम करायचे. म्हणजे महापालिका आमच्या घरात रोजची होती. वडिलांचा हजेरीचा शेड, मुकादम, थकलेला पगार, पावसाळ्यात नाल्याचं पाणी घरात आलं की मारलेले फोन. पण हीच महापालिका शहराचा पुढच्या वीस वर्षांचा नकाशा काढते, त्यात आमचं घरही असतं किंवा नसतं, हे कळायला मला वयाची चोवीस वर्षं लागली. तुम्हाला ते आज कळावं, एवढ्यासाठी मी इथे आले आहे.

सुरुवात महाडपासून करते. चवदार तळ्याची गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. पण त्यात एक नगरपालिका आहे, तिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. १९२३ साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ साली महाड नगरपालिकेने त्याला धरून आपलं तळं खुलं केलं. कागदावर. त्यानंतर तीन वर्षं त्या तळ्याचं पाणी आपल्या माणसांनी प्यायलं नाही, कारण पिऊ दिलं जाणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तिथे गेले आणि ठराव खरा करून दाखवला. पुढे काय झालं? ऑगस्ट १९२७ मध्ये त्याच नगरपालिकेने तो ठराव मागे घेतला. मग खटला चालला, आणि १९३७ साली उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला.

यातून मी दोन गोष्टी शिकले. एक, पालिकेचा ठराव म्हणजे नळाचं पाणी नव्हे. दोन, सभागृहात झालेला ठराव सभागृहातच फिरवता येतो, म्हणून तिथे काय चाललंय यावर रोज लक्ष ठेवावं लागतं. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. आपल्या महापुरुषांनी नगरपालिकेला कधी क्षुल्लक मानलं नाही. आपण मात्र लोकसभेच्या निवडणुकीवर रात्र रात्र वाद घालतो आणि आपल्या वॉर्डाचं बजेट किती, हे आपल्याला माहीत नसतं.

आता माझी गोष्ट. शहराचं नाव घेत नाही. आमची वस्ती नाल्याच्या कडेला आहे. आजोबा दुष्काळात गाव सोडून आले तेव्हापासूनची. एके दिवशी मी झेरॉक्सच्या दुकानात नोकरीच्या अर्जाच्या प्रती काढत होते. काउंटरवर जुना पेपर होता. त्यात महापालिकेची जाहीर सूचना होती: प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध केला आहे, नकाशे अमुक ठिकाणी पाहायला ठेवले आहेत, हरकती व सूचना लेखी द्याव्यात. शेवटची तारीख पाहिली तर अकरा दिवस उरले होते. खरं सांगते, मी ती सूचना वाचली ते टाईपिंगच्या परीक्षेसाठी सरकारी मराठीचा सराव व्हावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी नकाशे पाहायला गेले. मोठ्या हॉलमध्ये भिंतीभर रंगीत नकाशे लावलेले. पिवळा म्हणजे रहिवास, निळा म्हणजे व्यापार, हिरवा म्हणजे बाग आणि मैदान. सगळी टीप इंग्रजीत. मी माझी वस्ती शोधत होते. नाला सापडला, पूल सापडला, आमच्या शाळेची इमारत सापडली. शाळा आणि नाल्याच्या मधे, जिथे आमची घरं आहेत, तिथे सलग हिरवा रंग होता आणि वर एक नंबर. शेजारी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला विचारलं, हे काय? तो म्हणाला, "ते गार्डनचं रिझर्व्हेशन आहे, मॅडम." मी म्हटलं, तिथे तर आम्ही राहतो. तो म्हणाला, "नकाशात तसं नाही दिसत." तो माणूस काही वाईट नव्हता. त्यानेच मला सांगितलं, "हरकत लेखी द्या आणि आवकचा शिक्का घेतल्याशिवाय जाऊ नका."

हे असं का होतं ते समजून घ्या. महाराष्ट्रात १९६६ चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम आहे. त्यानुसार महापालिका आधी आराखडा करण्याचा इरादा जाहीर करते. मग शहराची पाहणी करून विद्यमान भूवापर नकाशा बनवते, म्हणजे आज कुठे काय आहे त्याचा नकाशा. त्यावरून उद्या कुठे काय असावं याचा प्रारूप आराखडा बनतो. तो प्रसिद्ध होतो, हरकती मागवल्या जातात. मग नियोजन समिती सुनावणी घेते. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. तिच्या अहवालानंतर आराखडा राज्य सरकारकडे जातो आणि सरकार त्याला मंजुरी देतं. सरकारने मोठा बदल केला तर त्या बदलावर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. आणि एकदा मंजूर झाला की साधारण वीस वर्षं तोच चालतो.

यातली सगळ्यात महत्त्वाची पायरी कोणती? आपल्याला वाटतं सुनावणी. माझ्या मते, आज कुठे काय आहे तो पहिला नकाशा. त्यात आपली वस्ती आली नाही तर उद्याच्या नकाशात ती मोकळी जागा असते. मोकळ्या जागेवर बाग दाखवायला कुणाची परवानगी लागते? आमच्याकडे पाहणी करणारे आले होते म्हणे. मुख्य रस्त्यावरून पाहून गेले. आत गल्लीत कुणी आलं नाही.

ही एका शहराची चूक नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात साडेसहा कोटी लोक झोपडपट्टीत राहत होते. शहरी लोकसंख्येत अनुसूचित जातींचं प्रमाण साडेबारा टक्क्यांच्या आसपास आहे, झोपडपट्टीत मात्र ते वीस टक्क्यांहून जास्त आहे. म्हणजे नकाशात जी जागा रिकामी दिसते, ती जातीच्या हिशेबाने अजिबात रिकामी नसते. गावात गावकुसाबाहेर ठेवलं, शहरात नकाशाबाहेर.

वस्तीत येऊन सांगितलं तर कुणाला पटेना. आबा म्हणाले, "पोरी, पन्नास वर्षं हेच ऐकतोय. निवडणूक आली की कुणीतरी घाबरवतं, मग तोच वाचवायला येतो." ते खरंही होतं. मी रात्री बसून एक अर्ज लिहिला. बी.ए. मराठी असल्याने फार छान लिहिला. पिढ्यान्पिढ्यांचे कष्ट, घामाची घरं, आम्हाला बेघर करू नका. त्यावर सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेतले. भूमापन खात्यातून निवृत्त झालेले एक काका वस्तीत होते. त्यांनी तो वाचला आणि विचारलं, "यात सर्व्हे नंबर कुठाय? आरक्षण क्रमांक? नकाशाचा शीट नंबर?" एकही नव्हता. काका म्हणाले, "बाई, हा अर्ज वाचून त्यांना रडू येईल, पण तो लावायचा कुठल्या फायलीला?"

मग पुन्हा केलं. दर घराचा वेगळा अर्ज, कारण दोनशे सह्यांचा एक अर्ज मोजताना एकच धरला जाण्याची भीती होती. प्रत्येकावर आरक्षण क्रमांक, शीट नंबर, सर्व्हे नंबर, घर किती सालापासून आहे, पुरावा काय: रेशनकार्ड, लाइटबिल, मतदार यादी, शाळेचा दाखला. शेवटच्या ओळीत, मला समक्ष म्हणणं मांडायचं आहे, सुनावणीची संधी मिळावी. आणि एक पर्याय: आरक्षण कुठे हलवता येईल, कारण शेजारीच एक मोठा मोकळा प्लॉट पिवळ्या रंगात दाखवला होता. आमच्या मावशींनी ते एका वाक्यात मांडलं: "बाग आम्हालाबी पाहिजे, पण आमच्या चुलीवर नको."

सुनावणीला गेलो तेव्हा तिथे इतर लोकही होते. सोसायट्यांचे लोक होते, त्यांचे छापील निवेदन, फोटो, नकाशे. एका प्लॉटवाल्याचा वकील होता, त्याच्याकडे हातभर जाड फाईल. त्या सगळ्यांना 'नागरिक' म्हणत होते. आमची पाळी आली तेव्हा पुकारलं, "झोपडपट्टीधारक." कागदावर आपण कधी अतिक्रमणधारक असतो, कधी लाभार्थी. नागरिक क्वचितच असतो.

आम्हाला काही मिनिटंच मिळाली. एका सदस्याने विचारलं, "तुमच्याकडे मालकीचा कागद आहे का? नसेल तर हरकत कशी घेता?" सगळे गप्प झाले. माझेही पाय थरथरत होते. पण काकांनी कलम २८ वाचून घेतलं होतं माझ्याकडून. मी म्हटलं, "साहेब, कायद्यात कोणतीही व्यक्ती असं आहे. मालक असं नाही." ते सदस्य शेजारच्या अधिकाऱ्याकडे पाहून म्हणाले, "बरोबर आहे, बोला." एवढंच झालं. पण माझ्या आईने ते ऐकलं. जिने आयुष्यभर 'तुमचा काय संबंध' हेच ऐकलं होतं, तिने भर कार्यालयात ऐकलं, की बरोबर आहे, बोला.

शेवट गोड झाला असं सांगायला मला आवडलं असतं. अंतिम आराखडा आला तेव्हा आमच्या बहुतेक घरांवरचा हिरवा रंग गेला. रस्त्याची रेषा मात्र राहिली आणि तिच्यावर काही घरं अजून आहेत. ती लोकं आजही पावसाळ्याआधी पत्रे बदलावे की नाही याचा विचार करतात. आणि दुसरी गोष्ट, जी सांगायला मला जड जातं. नाल्याच्या पलीकडे पाल ठोकून राहणारी भटक्या जमातीची कुटुंबं होती. हिरवा रंग त्यांच्यावरही होता. आम्ही अर्ज भरत होतो तेव्हा त्यांच्याकडे गेलो नाही. वेळ नव्हता, हे खरं. पण वेळ असता तरी गेलो असतो का? वस्तीतला एकजण म्हणाला होता, "त्यांना घेतलं तर आपली केस कमजोर होईल, त्यांचे कागदच नाहीत." आणि मी, पदवी घेतलेली, बाबासाहेब वाचलेली मुलगी, गप्प बसले. त्यांच्यावरचा हिरवा रंग तसाच राहिला. नंतर एकदा पाहिलं तेव्हा तिथे पालं नव्हती.

श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय, हे मला पुस्तकातून जेवढं कळलं नव्हतं, तेवढं त्या दिवशी कळलं. प्रत्येक जण आपल्या खालच्याला पायरीवरून ढकलतो आणि आपली पायरी वाचली म्हणून समाधान मानतो. लोकसहभाग हा शब्द फार गोड आहे. पण कोणते लोक, हा प्रश्न महापालिकेला विचारण्याआधी आपण आपल्याला विचारायला हवा.

आता थोडं कायद्याकडे येऊ, कारण तुमच्यातले बरेच जण महाराष्ट्राबाहेर शिकताय किंवा नोकरी करताय. राज्याराज्यात कायद्याचं नाव वेगळं आहे. कर्नाटकात १९६१ चा कायदा आहे, तमिळनाडूत १९७१ चा, गुजरातमध्ये १९७६ चा. दिल्लीत तर आराखडा निवडून आलेली महापालिका करतच नाही, केंद्राच्या अखत्यारीतलं विकास प्राधिकरण करतं. पण वर सगळ्यांना लागू असलेली ७४ वी घटनादुरुस्ती आहे, १ जून १९९३ पासून. तिने बाराव्या अनुसूचीत १८ विषय दिले, त्यातला पहिलाच विषय नगर नियोजन. झोपडपट्टी सुधारणा त्यात आहे, स्मशानभूमी आहे, कातडी कमावण्याच्या जागांचं नियमन आहे. ही यादी जातीच्या डोळ्याने एकदा वाचा. आपला स्पर्श कुठे नको होता आणि आपले कष्ट कुठे हवे होते, ते सगळे विषय एका पानावर आहेत.

त्याच दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि महिलांना किमान एक तृतीयांश जागा राखीव केल्या. तीन लाख किंवा अधिक वस्तीच्या शहरात प्रभाग समित्या सांगितल्या. महाराष्ट्राने २००९ साली क्षेत्रसभेची तरतूद केली, म्हणजे गावात ग्रामसभा तशी शहरात मतदारांची सभा. आमच्या वस्तीत क्षेत्रसभा भरल्याचं कुणाला आठवत नाही. तुमच्याकडे भरते का, विचारून पाहा. आणि २०२२ पासून मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांत मुदत संपूनही वेळेवर निवडणुका झाल्या नाहीत, कित्येक वर्षं प्रशासकानेच कारभार केला. राखीव जागेवरची नगरसेविका नावाला का असेना, तिच्या दारात जाता येत होतं. प्रशासकाच्या दारात शिपाई असतो.

पण सगळीकडे अंधारच आहे असंही नाही. केरळने १९९६ पासून लोकयोजना राबवली, नियोजनाच्या निधीतला ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांना दिला. पुणे महापालिकेत २००६-०७ पासून नागरिकांना अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातली कामं सुचवता येतात. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहर विक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी निवडून आलेले विक्रेतेच असावे लागतात, आणि त्यात महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक यांना स्थान द्यावं लागतं. मुंबईचा प्रारूप आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला, हजारो हरकती पडल्या, चुका इतक्या निघाल्या की दोन महिन्यांत सरकारला तो दुरुस्त करायला परत पाठवावा लागला. सुधारित मसुदा २०१६ ला आला, मंजुरी २०१८ ला. म्हणजे हरकतीचा कागद अगदी वाया जात नाही.

एक धोका मात्र लक्षात ठेवा. आराखड्यात आपल्या भागासाठी शाळा, दवाखाना, मैदान यांची आरक्षणं असतात. महाराष्ट्राच्या कायद्यात कलम १२७ आहे. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि ठरलेल्या मुदतीत पालिका हलली नाही तर आरक्षण रद्द होतं. मालकाचा वकील दहा वर्षं तारीख मोजत असतो. ज्यांच्या मुलांसाठी ती शाळा होती, त्यांना आरक्षण होतं हेच माहीत नसतं. तसंच कलम ३७ खाली मंजूर आराखड्यातही फेरबदल होतात, त्यासाठी महिन्याभराची सूचना निघते. त्या सूचना बारीक अक्षरात असतात. पण असतात.

मग आपण काय करायचं? मी मोठा कार्यक्रम देत नाही, करता येईल तेवढंच सांगते.

तुमच्या शहराचा मंजूर आराखडा मिळवा. आराखड्याच्या प्रमाणित प्रती, उतारे विकत मिळतात. नाहीच दिले तर माहिती अधिकार आहे, दहा रुपयांत अर्ज, तीस दिवसांत उत्तर. त्यावर आपली वस्ती शोधा. कोणता रंग आहे, कोणता नंबर आहे, लिहून ठेवा. आसपास शाळा-दवाखान्याचं कोणतं आरक्षण आहे आणि आराखडा कधी मंजूर झाला, तेही लिहा.

आपल्या वस्तीचा नकाशा आपणच काढा. किती घरं, किती वर्षांची, नळ किती, संडास किती, समाजमंदिर कुठे, विहार कुठे. पाहणीवाले गल्लीत येणार नाहीत हे धरूनच चाला.

वस्तीतल्या प्रत्येकाला फायली करायला शिकवा. हे मी मुद्दाम सांगते. आपण शिकलेली माणसं फार लवकर मध्यस्थ होतो. अर्ज मी लिहिणार, साहेबांशी मी बोलणार, आणि हळूहळू वस्तीचं मत म्हणजे माझं मत. सुनावणीत मावशींचं वाक्य माझ्या पानभर अर्जापेक्षा भारी होतं. आपलं काम कलम शोधून देण्याचं आहे, तोंड बंद करण्याचं नाही.

आणि शेवटचं, नाल्यापलीकडे जा. ज्यांचे कागद आपल्यापेक्षा कमी आहेत त्यांचा अर्ज पहिला लिहा. आपली केस त्याने कमजोर होत नाही. झाली तरी चालेल, पण ती आपलीच राहील.

माझे वडील आता कामावर जात नाहीत. मागे एकदा त्यांना मंजूर नकाशाची झेरॉक्स दाखवली. ज्या रस्त्यांवर त्यांनी आयुष्यभर झाडू मारला, ते सगळे त्यावर होते. ते बोटाने एकेक रस्ता दाखवत गेले, कुठल्या वळणावर पाणी साचतं, कुठल्या गटाराचं झाकण तुटकं आहे. मग म्हणाले, "यांनी मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं." त्यांना कुणी विचारलं नव्हतं. तुमच्या घरातही असं कुणीतरी असेल. आज रात्री फोन कराल तेव्हा त्यांना विचारा.

जय भीम, जय सावित्री, जय संविधान.